पत्रिका पीडीएफच आहे ना?

अरे, लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उतरली की लगेच डबल-क्लिक करू नकोस. आधी विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक कर. एरवी विंडोज ओळखीच्या फायलींची शेपटी, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, लपवतं, मग ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ (ईएक्सई म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम) नुसती ‘पत्रिका.पीडीएफ’ दिसते, वर चित्रही पीडीएफचंच. 2000 सालचा ‘आय लव्ह यू’ व्हायरस असाच, साध्या मजकुराच्या .टीएक्सटीच्या आड .व्हीबीएस हा प्रोग्रॅम लपवून पसरला. बडोद्यात दांडिया बाजारातल्या दुकानात मीही एकदा फसलोय. गिऱ्हाईक समोर ताटकळत, चहा गार, आणि अख्खा दिवस फॉरमॅट मारण्यात! मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून .एपीके (अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी फाइल) आली, तर मामाच्या नंबरवरून असली तरी हात लावू नकोस. आधी मामाला फोन कर. बहुधा त्याचंच व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालेलं असतं.