जपानी नवरा थोरला मुलगा आहे, नोकरी सोडून गावी सासूबाईंकडे राहायला जा म्हणतो. जपानमध्ये घटस्फोट खरंच नुसत्या सह्यांवर होतो का?

हो, होतो. दोघं राजी असाल तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, वॉर्ड ऑफिसचा फॉर्म, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या, झालं. पण आधी नोकरी सोडू नका. मी सोडली होती.

तोक्योत आमचं भाडं निम्मं-निम्मं, स्वयंपाक आळीपाळीने, माझ्या नोकरीचं माझ्या नवऱ्याला भारी कौतुक. २०१४ ला सासरे गेले, सासूबाई नीगाताच्या गावात एकट्या, आणि एका आठवड्यात मी 'चोनान नो योमे' झाले, म्हणजे थोरल्याची बायको. तो तोक्योतच राहिला, महिन्यातून एकदा यायचा. मी सांगलीची, बर्फ कधी बघितलेला नाही, आणि तिथे पहाटे उठून दारापासून रस्त्यापर्यंत फावड्याने बर्फ ओढायचा, हाताला फोड आले की त्यावर पट्टी लावून परत तेच.

फेब्रुवारीत बुत्सुदानखालचा, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्याखालचा खण आवरताना कागद सापडले. डे सर्व्हिसचा अर्ज, सासूबाईंच्या अक्षरात पूर्ण भरलेला, तारीख मी जायच्या आधीची. जपानात २००० पासून काइगो विमा आहे, वयस्कर माणसाला घरी मदतनीस मिळतो, दिवसा सेंटरला नेऊन आणतात. मी विचारलं, ओकाआसान, हे तुम्ही भरलंत? म्हणाल्या, हो, पण तोच नको म्हणाला, बाहेरची माणसं घरात आली तर गाव काय म्हणेल.

म्हणजे त्यांना मी नकोच होते! मला उगाच परंपरा वगैरे सांगू नका, घरात दोन पगार हवे होते तेव्हा तो मॉडर्न होता आणि आईचं करायची वेळ आली तेव्हा परंपरा आठवली.

माझा दादा फोनवर म्हणाला होता, आपल्याकडे थोरली सून करतेच की, आईने नाही केलं? दादा, आईने केलं, कंबर गेली तरी केलं, पण तिला करायचंय का हे तू, बाबा, मी, कोणीच विचारलं नाही. आणि मी निघाल्यावर पंधरा दिवसांत नवऱ्याने डे सर्व्हिस लावली, तुला माहितीये.

हां, काही गोष्टी राहिल्या. नवरा परस्पर तुमची सही ठोकून फॉर्म देईल अशी भीती असेल तर वॉर्ड ऑफिसात 'फुजुरी मोशिदे' देऊन ठेवा, मग तो फॉर्म घेत नाहीत. जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर घटस्फोटानंतर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. मुलं असतील तर माझा अनुभव धरू नका, मला मूल नाही, आणि पूर्वी ताबा एकाच पालकाकडे जायचा, १ एप्रिल २०२६ पासून दोघांकडेही ठेवता येतो. लग्न भारतात रजिस्टर असेल तर इथल्या कागदावर तिकडे भागेलच असं नाही, तिकडच्या वकिलाला आधी दाखवा. मी नंतर दाखवला, दादाच्याच ओळखीच्या, आणि तोही आधी म्हणाला, बघा जमतंय का परत.