प्रेस घेण्याआधी एक संच छापा

प्रश्न : मी प्रिंटमेकिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही पाच मित्रमैत्रिणी मिळून स्वतःचा प्रिंट स्टुडिओ काढायचं म्हणतोय. घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ, मैत्रीत धंदा टिकत नाही. काय करू?

उत्तर : स्टुडिओ जरूर काढा. चित्रकाराला घरातला कोपरा पुरतो. तुला लाकडावर किंवा धातूच्या प्लेटवर चित्र कोरून त्याचे छाप काढायचे, म्हणून प्रेस लागते, प्लेट कोरायला ॲसिडचे ट्रे लागतात, कागद भिजवायला-वाळवायला जागा लागते. कॉलेज सुटलं की हे सगळं एकदम हातचं जातं आणि चांगले चांगले हात तिथेच थांबतात. म्हणून या कलेत सामायिक स्टुडिओ पूर्वापार चालत आलेत. ब्रिटिश प्रिंटमेकर स्टॅनली विल्यम हेटर यांनी १९२७ साली पॅरिसमध्ये सुरू केलेला, पुढे 'आतलिए १७' म्हणून गाजलेला स्टुडिओ असाच. आपल्याकडचे प्रिंटमेकर कृष्णा रेड्डी यांचं व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग तिथेच घडलं : शाईत तेल कमी-जास्त करून तिचा दाटपणा बदलायचा आणि एकाच प्लेटवरून अनेक रंग एकदम उठवायचे.

घरच्यांचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. अशा गटात खटके उडतात ते क्वचितच कलेवरून. एकाने काम संपल्यावर ब्लँकेट (कागदावर घालायचं लोकरी कापड) तसंच प्रेसच्या रोलरखाली दाबून ठेवलं, की दुसऱ्या दिवशी दुसरीच्या प्रिंटवर वळ उठतो. म्हणून गटाचं नाव ठरवण्याआधी लेखी ठरवा : प्रेस कोणाच्या मालकीची, सोडून जाणाऱ्याचा वाटा कसा आणि किती हप्त्यांत परत करायचा, एडिशनची, म्हणजे एका चित्राच्या ठरवून काढलेल्या प्रतींची, नोंदवही कोणाकडे. २० ची एडिशन जाहीर केली, तर आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती) सोडून एकविसावी प्रत निघता कामा नये. छपाई संपली की प्लेटवर रेघ ओढून ती रद्द करा. घेणाऱ्याचा विश्वास यावरच असतो.

पैशाचं म्हणशील, तर निव्वळ स्वतःच्या प्रिंट विकून पाच जणांचं सुरुवातीला भागणार नाही. प्रत्येकाने अर्धवेळ काम धरावं. स्टुडिओने इतर चित्रकारांच्या एडिशन छापून द्याव्यात. माझ्या मते हेच तुमचं भरवशाचं उत्पन्न. एकसारख्या वीस प्रती काढणारा हात सहज मिळत नाही.

आणि बंद खोलीत नायट्रिक ॲसिड नको. त्याचा धूर फुफ्फुसांना घातक असतो. तांब्याच्या प्लेटला फेरिक क्लोराइड वापरा, हवा खेळती ठेवा.

प्रेसची घाई तर अजिबात नको. लिनोकट-वुडकट, म्हणजे लिनोलियमवर किंवा लाकडावर कोरलेली चित्रं, लाकडी चमच्याच्या पाठीने घासूनही छान उठतात. निकाल लागण्याआधी पाच जणांचा एक संच काढा : एकच मापाचा कागद, प्रत्येकाचा एक कोरलेला ब्लॉक, सारख्याच प्रती, ठरलेली तारीख. कागदाचा खर्च सारखा वाटून घ्या. ज्याच्या प्रती वेळेत येणार नाहीत किंवा शाई कुठे दाट, कुठे फिकी पडलेली असेल, त्याच्याशी तेव्हाच मोकळेपणी बोला. त्याला स्टुडिओत कामाला येऊ द्या, प्रेसच्या भागीदारीत एवढ्यात घेऊ नका.