साहित्यातलं कोर्ट नेहमी चुकीचाच निकाल का देतं?

लेखकांना कायद्याचा राग असतो का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. न्यायाधीश लाचखाऊ दाखवला की एक वाईट माणूस सापडतो आणि विषय मिटतो. खरा ताकदीचा लेखक पुरावा पक्का ठेवतो आणि तरीही निरपराध माणूस कसा अडकतो ते दाखवतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचा नववा अंक जरूर वाचा. गणिका वसंतसेनेच्या खुनाचा आळ शकार तिच्या प्रियकरावर, गरीब ब्राह्मण चारुदत्तावर घेतो. न्यायाधीश आधी शकाराला सांगतो, आज तुझं काम चालणार नाही. पण शकार पडला राजाचा मेहुणा. राजाला सांगून तुला काढायला लावतो म्हटल्यावर फिर्याद लगेच ऐकली जाते. तरीही न्यायाधीश वाईट माणूस नाही. चारुदत्त असं काही करेल हे त्याला पटतच नाही. तेवढ्यात भर कोर्टात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्याजवळून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. हे दागिने तिनेच चारुदत्ताच्या रडणाऱ्या मुलाला, मातीऐवजी सोन्याची गाडी करून घे म्हणून दिलेले असतात, आणि मैत्रेय ते परत करायला निघालेला असतो. तिची माया आणि मैत्रेयाचा प्रामाणिकपणा, दोन्ही मिळून खुनाचा पुरावा होतो! चारुदत्ताला जगण्यातच रस उरलेला नसतो, त्यामुळे तोही धड बोलत नाही. न्यायाधीश मनूचा आधार घेऊन, ब्राह्मणाला देहदंड नको, हद्दपार करा असं सुचवतो. राजा वधाचाच हुकूम देतो. पुढे चारुदत्त वाचतो तो वसंतसेना जिवंत समोर येते म्हणून. कोर्टाला आपली चूक शेवटपर्यंत कळलेली नसते.

काफ्का स्वतः कायदा शिकलेला होता. त्याच्या ‘द ट्रायल’ या कादंबरीत तर आरोप काय हेच आरोपीला कधी कळत नाही.

पण मला सर्वांत जास्त हादरवतं ते तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. कोर्ट खोटं, खेळ म्हणून मांडलेलं. आरोपीचा वकील आणि सरकारी वकील दोन्ही एकच, सुखात्मे. आरोपी केलेल्या शिक्षिका बेणारेबाईंवर आरोप भ्रूणहत्येचा, आणि निकाल काय, तर पोटातला गर्भ नष्ट करा! त्याआधी बाजू मांडायला त्यांना मिळतात दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत त्यांचं लांबलचक स्वगत होतं, पण ते फक्त प्रेक्षकांना ऐकू येतं. कोर्टातली सगळी माणसं तेवढा वेळ थिजलेली असतात.