कंडोमवर खोबरेल तेल लावलं तर चालतं का? मागच्या महिन्यात एक फाटला. (इंदूर)

अजिबात लावू नका. तेल, तूप, व्हॅसलीन यांनी लेटेक्स काही मिनिटांतच कमजोर पडतं. तेव्हा तेल लावलं असेल तर तुमचा बहुधा म्हणूनच फाटला. कोरडं वाटत असेल तर मेडिकलवर वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट मागा. राजवाड्याजवळ ओळखीचे लोक भेटतील म्हणून लाज वाटत असेल तर दुसऱ्या भागातून आणा, पण आणा.

आणि पाकिटं स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे ती तव्यासारखी तापते, त्या उष्णतेने रबर खराब होतं. घरात कपाटात ठेवा, एक्सपायरी बघा, दातांनी फाडू नका.

लिंग ताठ झाल्यावर, संबंधाच्या आधीच घाला. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत उलगडा. उलगडत नसेल तर तो उलटा लागलाय. पलटून वापरू नका, नवीन घ्या. वीर्यपतनानंतर लगेच, कंडोमची कड धरून लिंग बाहेर काढा. एकावर एक दोन कधीच नकोत, घासून फाटतात.

पुन्हा फाटलाच तर गर्भ राहू नये म्हणून इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीची शंका असेल तर संसर्ग रोखणाऱ्या औषधांसाठी त्याच ७२ तासांत सरकारी रुग्णालय गाठा. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर मोफत माहिती मिळते.