आपोआप वर-खाली होणारी अँटेना: वाचकांचे प्रश्न

रेडिओ लावताच फेंडरमधून वर येणारी आणि बंद करताच आत जाणारी विजेवरची अँटेना नव्या गाड्यांतून जवळपास नाहीशी झाली आहे. १९९० च्या दशकातील गाड्या जपणाऱ्यांना मात्र तिचे दुखणे आज ना उद्या भेडसावतेच. या वेळी त्याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न (पुणे): माझ्याकडे १९९६ सालची मर्सिडीज ई २२० आहे. धुताना अँटेनाची दांडी वाकली. तेव्हापासून रेडिओ लावला की डिकीतून काही क्षण घरघर ऐकू येते, पण दांडी अर्ध्यावरच राहते. मेकॅनिक म्हणतात, पूर्ण अँटेना बदलावी लागेल आणि ती मिळणे कठीण आहे. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि तो बराच स्वस्त आहे. घरघर ऐकू येते याचा अर्थ मोटर चांगली आहे, फ्यूज शाबूत आहे आणि रेडिओकडून इशाराही पोहोचतो आहे. बिघडली आहे ती दांडी आणि तिच्या तळाशी जोडलेली नायलॉनची दातेरी दोरी. मोटरचे गिअर या दोरीचे दाते पकडून तिला वर ढकलते आणि खाली ओढताना एका गोल डबीत गुंडाळते. दांडी वाकून अडकली, तरी मोटर जोर लावत राहते आणि अखेर दाते झिजतात किंवा दोरी तुटते. खात्री करायची असेल तर दांडी बोटांनी हलकेच वर ओढून पाहा. ती विरोध न करता वर आली, तर दोरी तुटली आहे असे समजावे. उलट मोटरचा आवाजच नसता, तर मी आधी फ्यूज, मग अर्थिंग आणि शेवटी मोटर तपासायला सांगितले असते.

दोरीसह दांडी स्वतंत्र सुटा भाग म्हणून मिळते. घेताना जुनी दांडी बरोबर न्यावी आणि पूर्ण उघडल्यावरची लांबी, टप्प्यांची संख्या, तळाच्या भागाची जाडी आणि दोरीची जाडी या सर्व गोष्टी ताडून पाहाव्यात. ‘सर्व गाड्यांना चालते’ असे लिहिलेल्या पाकिटावर माझा फारसा विश्वास नाही, कारण दात्यांमधले अंतर थोडे जरी वेगळे असले तरी नवी दोरी पहिल्या आठवड्यातच झिजते.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): माझ्या १९९२ सालच्या होंडा अकॉर्डसाठी नवी दांडी आणली आहे. ती घरी बसवता येईल का? जुनी दोरी आत तुटली असावी.

उत्तर: येईल, पण सोबतीला एक जण हवा: एकाने रेडिओच्या बटणापाशी बसायचे, दुसऱ्याने मागच्या फेंडरपाशी उभे राहायचे. नटाभोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावा आणि दांडीच्या बुडाचा नट काढा. आता रेडिओ लावला की मोटर दांडीला दोरीसकट बाहेर ढकलते. पूर्ण दोरी बाहेर आली, तर निम्मे काम झालेच. तुमच्या शंकेप्रमाणे नुसती दांडीच हातात आली, तर मात्र उरलेला तुकडा डबीत अडकलेला असणार आणि तो काढल्याशिवाय नवी दोरी घालण्यात अर्थ नाही. त्यासाठी बॅटरीची ऋण तार सोडवून डिकीतले अस्तर बाजूला करा, अँटेनाचे बोल्ट, विजेचे कनेक्टर आणि रेडिओकडे जाणारी जाड तार सोडवून संपूर्ण युनिट बाहेर घ्या. डबीचे झाकण उघडून तुकडा आणि तुटलेल्या दात्यांचा चुरा काढा, जुने घट्ट झालेले ग्रीस कापडाने पुसा आणि गिअरला नवे ग्रीस अगदी पातळ लावा.

युनिट परत बसवून तारा जोडल्यावर, रेडिओ चालू ठेवून, दाते गिअरच्या बाजूला येतील अशा रीतीने नवी दोरी नळीत सोडा. ती गिअरला टेकल्याचे हाताला कळते. मग सोबत्याला रेडिओ बंद करायला सांगा. गिअर दोरी पकडून आत ओढू लागेल, तुम्ही दांडी फक्त सरळ धरायची. जोर लावून दोरी कोंबणे हा नवे दाते मोडण्याचा हमखास मार्ग आहे. दांडी पहिल्या फेरीत पूर्ण आत गेली नाही, तर रेडिओ दोन-तीनदा चालू-बंद करा आणि नंतरच नट आवळा.

तुमच्याकडे हिवाळ्यात दांडीवर बर्फ गोठतो. अशा सकाळी बर्फ वितळेपर्यंत रेडिओ लावू नका.

प्रश्न (कोल्हापूर): जुना कॅसेट प्लेअर काढून ब्लूटूथचा नवा स्टिरिओ बसवला. आता गाडी बंद केली तरी अँटेना वरच राहते.

उत्तर: हा दोष जोडणीचा आहे. अशा अँटेनाला दोन वेगळ्या तारा लागतात. एक थेट बॅटरीकडून येणारी, कायम १२ व्होल्टची, आणि दुसरी स्टिरिओकडून इशारा देणारी. दांडी आत ओढण्याचे काम किल्ली काढल्यानंतर होते. तुमच्या कारागिराने कायमची तार किल्लीमागून घेतली असेल, तर त्या क्षणी मोटरची वीजच जाते आणि दांडी वर अडकते.

नव्या स्टिरिओंमध्ये इशाऱ्याची तार बहुधा निळी असते आणि निळी-पांढरी तार अँप्लिफायरसाठी असते. निळ्या तारेवर मोटर थेट चालवू नका. ती तार जेमतेम काही शे मिलिअँपिअर देऊ शकते, तर मोटरला कित्येक अँपिअर लागतात. गाडीचा मूळ रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, शाबूत असेल तर निळी तार त्यालाच जोडावी, नसेल तर नवा रिले घालावा. या कामात स्टिरिओ जाळून घेतलेले ग्राहक दुकानात नेहमी दिसतात.

प्रश्न (रत्नागिरी): दांडी मधेच अडकते. ग्रीस लावावे का?

उत्तर: दांडीला ग्रीस मुळीच नको. त्यावर धूळ आणि खारी हवा बसली की त्याची खळ होते आणि ती दांडीबरोबर आत जाते. पूर्ण वर आलेली दांडी ओल्या कापडाने पुसावी, मग पातळ सिलिकॉन तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे युनिटच्या तळाची रबरी नळी तपासणे. दांडीच्या फटीतून पावसाचे पाणी थोडेफार आत जातेच आणि ते याच नळीतून गाडीबाहेर पडते. नळी मातीने तुंबली की पाणी मोटरपर्यंत चढते. कोकणातल्या गाड्यांच्या मोटरी मला बहुतेक याच कारणाने गंजलेल्या आढळल्या आहेत, त्यामुळे मे महिना संपण्यापूर्वी ही नळी मोकळी करावी.

प्रश्न (मॉरिशस): जपानहून आलेली जुनी गाडी घेतली. अँटेना नीट वर येते, पण एफएमची फारच थोडी केंद्रे लागतात. साधी, स्थिर अँटेना लावली तर फरक पडेल का?

उत्तर: नाही, कारण दोष अँटेनाचा नाही. जपानमधील जुन्या रेडिओंचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो, तर तुमच्याकडची केंद्रे ८८ ते १०८ मध्ये आहेत. मध्ये जोडायचा वारंवारता बदलणारा छोटा डबा मिळतो, पण नवा स्टिरिओ बसवणे अधिक बरे.

पुढेमागे मोटर खरोखरच जळाली, तर स्थिर दांडीला माझी हरकत नाही. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते, म्हणून तिच्या चौथ्या भागाइतकी, सुमारे ७५ सेंटिमीटरची दांडी एफएमला उत्तम चालते. वीज न लागणाऱ्या, नुसत्या चिकटवायच्या आखूड अँटेना टाळाव्यात. जुन्या मोटरच्या तारांची टोके नीट झाकावीत आणि नव्या दांडीचे बूड फेंडरच्या आतल्या बाजूने रंग खरवडून उघड्या पत्र्याला टेकवावे, नाहीतर खरखर जाणार नाही.