गुगल रोज बदलतंय म्हणे, मग आपण काय काय शिकायचं? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात निपाणीपासून खानापूरपर्यंतची बरीच पत्रं वेबसाईट आणि गुगल याच विषयावर आली, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ आणि आजची सगळी जागा यालाच देऊ.

प्रश्न: मी दुकानं, क्लासेस, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाईट करून देतो, एकटाच आहे. दर आठवड्याला कोणतरी व्हिडिओत सांगतंय की जुना एसइओ (साईट गुगलवर वरती दिसावी म्हणून करायचं काम) संपला, गुगलनं सगळं बदललं. वरून साईटचं रूप आणि हालचाल ठरवणाऱ्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये रोज नवीन काहीतरी. काम करू की हे बघत बसू? नेमकं काय वाचायचं तेवढं सांगा की ओ.
— वेबडिझायनर, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: दादा, आधी मनातली भीती काढा. खरोखर हात घालायला लागेल असे बदल फार थोडे असतात आणि त्यांची सूचना गुगल आधीच देतं. मोबाईलवर नीट दिसणाऱ्या साईटना प्राधान्य द्यायचं 21 एप्रिल 2015 ला सुरू झालं, ते फेब्रुवारीतच सांगून झालं होतं. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसलेल्या साईटवर क्रोम 'नॉट सिक्युअर' दाखवायला लागला जुलै 2018 मध्ये, तेही फेब्रुवारीतच जाहीर झालेलं. कोअर वेब व्हायटल्स (पान किती लवकर दिसतं, प्रतिसाद देतं, स्थिर राहतं याची मापं) मे 2020 मध्ये सांगितले आणि रँकिंगमध्ये आले 2021 च्या जूनपासून. त्यातलं प्रतिसादाचं माप एफआयडी जाऊन आयएनपी आलं 12 मार्च 2024 ला, मार्चमध्ये येणार हे मे 2023 पासून माहीत होतं. म्हणजे ज्यानं महिन्यातून एकदा जरी मूळ ठिकाणी डोकावलं असतं त्याला या सगळ्याला पुरेसा वेळ मिळाला असता, आणि जो रोज व्हिडिओ बघत होता त्याला जास्तीचं काही मिळालं नाही, नुसती धडधड वाढली.

मूळ ठिकाण म्हणजे गुगल सर्च सेंट्रल. तिथं ब्लॉग आहे आणि डॉक्युमेंटेशनमध्ये काय काय बदललं याची तारखेनुसार यादी आहे, ती यादी मला सगळ्यात कामाची वाटते कारण तिथं छोट्या बदलांचीही नोंद असते. शिवाय सर्च स्टेटस डॅशबोर्ड, तिथं कुठलं अपडेट कधी सुरू झालं, कधी संपलं ते कळतं. सोमवारी सकाळी चहा घेता घेता हे तिन्ही बघून होतात. इंग्रजी सोपं आहे, घाबरायचं कारण नाही. कुणी काही सांगितलं की एवढंच विचारा, हे गुगलनं कुठं लिहिलंय? दाखवता आलं नाही तर पुढं चला.

उलट बाजूही आहे बघा. जे केव्हाच मेलं ते अजून विकलं जातंय. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) रँकिंगसाठी वापरत नाही असं गुगलनं सप्टेंबर 2009 मध्ये सांगितलंय आणि आजही कोटेशनमध्ये 'मेटा कीवर्ड भरणे' म्हणून पैसे लावलेले दिसतात. एफएक्यूची खटपटही तशीच, सर्चमध्ये प्रश्नोत्तरं उघडून दिसायची ती ऑगस्ट 2023 पासून नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साईटपुरतीच ठेवली. असलं गिऱ्हाइकाला विकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

वेब टेक्नॉलॉजीसाठी 'बेसलाईन' हा शब्द लक्षात ठेवा. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी या सगळ्यांत एखादी गोष्ट चालायला लागली की ती 'नवीन उपलब्ध', आणि त्यानंतर 30 महिने गेले की 'सर्वत्र उपलब्ध'. एमडीएन या वेब तंत्राची माहिती देणाऱ्या साईटवर बऱ्याच पानांच्या वर ही खूण असते. मंगल कार्यालयाच्या साईटला 'सर्वत्र उपलब्ध' तेवढंच वापरा, कारण तारीख बघायला येणारा माणूस कणकुंबी-जांबोटीकडनं जुन्या अँड्रॉइडवरून, तुटक्या रेंजमध्ये येणार आहे. नवीन गोष्टी स्वतःच्या साईटवर करून बघा की, तिथं कोण अडवतंय.

आणि एक काम आजच करा. गुगल बिझनेस प्रोफाईलमधून (गुगलवर आणि मॅपवर दिसणारी दुकानाची माहिती) फुकट मिळायच्या त्या छोट्या वेबसाईट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या आणि जूनपासून त्यांचं रिडायरेक्टही (जुन्या पत्त्यावरून दुसरीकडं आपोआप पाठवणं) थांबलं. खडेबाजार, गणपत गल्लीत कुणाच्या बोर्डावर, व्हिजिटिंग कार्डावर तो जुना पत्ता असेल तर तो कुठंच पोचत नाही. तुमच्या गिऱ्हाइकांचं तपासून घ्या.

प्रश्न: आमचं घर पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरी पायताण करतंय, ऑनलाईनचं मी बघते. दोन महिने झाले साईटवर येणारी माणसं कमी झाली. साईट करून दिलेली एजन्सी म्हणते गुगलचं अपडेट आलंय, आता पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साईटवरून आपल्याकडं येणाऱ्या लिंक) विकत घ्या आणि गावागावाच्या नावानं शंभर पानं टाका. घ्यायचं काय?
— अथणी

उत्तर: ताई, दोन्हीला नाही म्हणा. विकतच्या लिंक गुगलच्या स्पॅम नियमात बसतात, एप्रिल 2012 च्या 'पेंग्विन' नावाच्या गुगल अपडेटपासून यावर नजर आहे, आणि आता तर अशा लिंक बऱ्याचदा मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे गेले एवढंच. आणि 'पुण्यात कोल्हापुरी चप्पल', 'हुबळीत कोल्हापुरी चप्पल' अशी एकाच मजकुरात गावाचं नाव बदललेली शंभर पानं, ते तर मार्च 2024 मध्ये आलेल्या नियमात सरळ सापडतं. रँकिंगसाठी घाऊक पाडलेली पानं, ती माणसानं लिहिलेली असोत की एआयनं, स्पॅमच.

आता खरं कारण शोधू. सर्च कन्सोल (साईट गुगलवर कशी दिसते त्याचे आकडे देणारं गुगलचं साधन) उघडा, एजन्सीकडं असेल तर मालक म्हणून तुमचा ईमेल घालून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यात 16 महिन्यांचा हिशोब असतो. गेल्या वर्षीचे हेच महिने लावून बघा, कारण पावसाळ्यात चामड्याचं पायताण कोण शोधतंय? घट मोसमाची असेल तर गुगलचा काही संबंधच नाही. तसं नसेल तर वर सांगितलेल्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर बघा त्या तारखांना कोअर अपडेट (गुगलच्या क्रमवारीतला मोठा बदल) चालू होतं का. असं अपडेट कधी कधी लांबतं, 2024 चं मार्चचं 5 मार्चला सुरू होऊन 19 एप्रिलला संपलं, मधेच घाबरून साईट उलटीपालटी केलेल्यांना कळलंच नाही कशानं काय झालं. गुगल स्वतः सांगतं की अपडेट संपल्यावर निदान आठवडाभर थांबा, मग अपडेट सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्याशी ताडून बघा. दोन नंबर खाली आला असाल तर फार हात लावू नका. दुसऱ्या नंबरवरून तिसाव्यावर गेला असाल तर मात्र पानं वाचायला बसा, गिऱ्हाईक होऊन.

पानं वाचली की कळेल, तुमच्या साईटवर तेच लिहिलंय जे प्रत्येकाच्या साईटवर आहे, 'उत्तम दर्जा, वाजवी दर'. तुमच्याकडं तर केवढं सांगण्यासारखं आहे! कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर आपला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहे, हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला माहीतच नसतं, तो 'अथणी म्हणजे नकली काय?' असं विचारतो. ते लिहा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कसं कमावतात, तळ किती थरांचा, कापशी आणि साधी यात फरक काय, पहिले चार दिवस चावते तेव्हा काय करायचं, भिजली तर कशी सुकवायची. सासऱ्यांना बसवून विचारा आणि त्यांच्याच शब्दात उतरवा. हे कुठल्याही मशीनला घरबसल्या येणार नाही.

फोटोचंही बघा. मोबाईलमधून काढलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवला की पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात लहान करून घ्या, लांबी-रुंदी कोडमध्ये लिहायला सांगा म्हणजे पान उड्या मारत नाही, आणि सगळ्यात वरच्या फोटोला लेझी लोडिंग (पान तिथवर सरकल्यावरच फोटो आणणं) लावू नका, ते खालच्यांना.

प्रश्न: निवृत्त शिक्षक आहे. हलशी, नंदगड आणि आसपासच्या गावांच्या इतिहासावर बरीच वर्षं लिहून वेबसाईटवर ठेवलंय. मराठीत शोधलं तर गुगलवर एकही लेख दिसत नाही.
— खानापूर तालुका

उत्तर: गुरुजी, तुमची साईट उघडून बघितली आणि वाईट वाटलं, कारण लेख फार चांगले आहेत. अडचण फॉन्टची आहे. डीटीपीवाल्यानं श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या पद्धतीत टाईप केलंय, त्यात डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, गुगलला तेवढंच वाचता येतं. कन्नडमध्ये जुन्या नुडीत टाईप केलेल्या साईटचं दुखणं तेच. काही लेख तर स्कॅन करून पीडीएफ केलेत, ते म्हणजे चित्रच.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) आणायला लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर माणसानं वाचलंच पाहिजे, कारण जोडाक्षरं, रफार आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला अर्धा र हमखास बिघडतो. शिलालेखांचे उतारे तर तुम्हीच तपासा. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' अशी लिहून घ्या. गुगल भाषा मजकुरावरून ओळखतं, त्याला त्याची गरज नाही, पण मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला लागते, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं मराठी वळणाचा ल आणि श येतो. पानांचे जुने पत्ते शक्यतो बदलू नका, बदलायचेच झाले तर 301 रिडायरेक्ट (कायमचं नव्या पत्त्याकडं पाठवणं) लावा. शाळेतली पोरं मदतीला घ्या, एकेक लेख करत गेलं तरी चालतंय. या प्रश्नाला मी एवढी जागा दिली कारण सीमाभागातलं असं कितीतरी लिखाण जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलंय आणि ते शोधणाऱ्या पोरांना वाटतंय की कुणी लिहिलंच नाही.

प्रश्न: बेळगाव, बेळगावी, बेलगाम... इंग्रजीत कुठलं स्पेलिंग घालायचं? आणि मराठी, कन्नड, इंग्रजी एकाच पानावर ठेवलं तर चालतं का?
— मिठाई दुकानदार, शहापूर

उत्तर: नाव अधिकृतपणे 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं तरी लोक जुनं स्पेलिंग टाकतातच. कुंदा शोधणारे काय टाईप करतात ते सर्च कन्सोलच्या क्वेरीत बघा आणि जुनं आणि नवं दोन्ही वाक्यात सहज येतील तसं लिहा. बिझनेस प्रोफाईलवर मात्र दुकानाचं बोर्डावर आहे तेच नाव, त्यात 'बेस्ट कुंदा' घुसडू नका, प्रोफाईल सस्पेंड होऊ शकतं. तीन भाषांची तीन वेगळी पानं करा आणि त्यांना एचआरइफलँगनं (कुठल्या भाषेचं पान कुठं ते गुगलला सांगणारी कोडमधली खूण) जोडा, प्रत्येक पानानं बाकीच्या दोघांचा उल्लेख केला पाहिजे, एकतर्फी असेल तर धरत नाहीत.

प्रश्न: आता गुगल वरच एआयचं उत्तर देतंय, मग एसइओ शिकण्यात अर्थ आहे का?
— बीसीएचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर: एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे तू म्हणतोस ते एआयचं उत्तर, भारतात ऑगस्ट 2024 मध्ये आलं. साध्या माहितीच्या प्रश्नांवर क्लिक कमी होणार ही काळजी खरी आहे, ती मी खोटी म्हणणार नाही. पण ते उत्तर कुणाच्या तरी पानावरूनच येतं, आणि त्यात यायला वेगळा कुठला टॅग लागत नाही असं गुगलचं म्हणणं आहे, पान इंडेक्समध्ये (गुगलच्या यादीत) असलं पाहिजे आणि त्याचा उतारा दाखवायला परवानगी असली पाहिजे. 'एआय एसइओ'चा महागडा कोर्स कुणी गळ्यात मारत असेल तर आधी एवढं वाच. नुसती कीवर्डची यादी करणारं काम मात्र टिकणार नाही असं मला स्पष्ट वाटतं.

तू एचटीएमएल पक्कं कर. क्रॉलर (पानं गोळा करणारा गुगलचा प्रोग्राम) पान कसं आणतो, जावास्क्रिप्ट कधी चालवतो, इंडेक्समध्ये का घेत नाही हे समजून घे, रोबोट्स डॉट टीएक्सटी आणि नोइंडेक्स यातला फरक न बघता सांगता आला पाहिजे. मग गावातल्या एखाद्या दुकानाची किंवा वाचनालयाची साईट घे, मोबाईलवर उघड, सर्च कन्सोल जोड आणि सहा महिने तिचे आकडे बघत राहा. वर गुरुजींचं पत्र आहे बघ, त्यांना युनिकोडच्या कामाला माणूस पाहिजे. करणार असशील तर मासिकाच्या पत्त्यावर लिही, मी जोडून देतो.