सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या जवळ प्राणी-पक्षी बघायला काही असतं का?

तुम्ही विचारलंय की ताडोबा ऑक्टोबरला उघडेपर्यंत पुण्याच्या जवळ मुलांना दाखवण्यासारखं काही असतं का, आणि पुढे लिहिलंय, "आमच्या बाजूला तर नुसते माळच आहेत." त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. माझं माहेर सुप्याजवळचं, बारामती तालुक्यातलं. नुसत्या माळावरच लहानाची मोठी झाले.

सरळ उत्तर हे की गणपती ते दिवाळी हाच माळाचा सगळ्यात भरलेला काळ. व्याघ्र प्रकल्पांचे गाभे जुलै ते सप्टेंबर बंद असतात म्हणून लोक घरी बसतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुण्यापासून सत्तरेक किलोमीटरवर सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य हिरवंगार असतं. 1997 साली जाहीर झालेलं, जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं. भाद्रपदात मोरगावच्या गणपतीला एवढी गर्दी लोटते, त्यातली एक गाडी सुप्याला वळत नाही. तिथे चिंकारा दिसतो. बहुतेक वेळा दिसतोच, नशिबावर सोडायची गरज नाही. सकाळी सूर्य उगवता उगवता गेटवर पोचा, एवढीच अट.

आता माळावर या दिवसांत नेमकं काय चाललेलं असतं ते सांगते, म्हणजे 'नुसते' हा शब्द तुम्ही परत वापरणार नाही.

गेल्या वर्षी गौरी उठल्या आणि सासरी परतायच्या आधी मी एका सकाळी भाच्याला घेऊन माळावर गेले. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. गवत गुडघ्याच्या वर. कुसळीला तुरे आलेले आणि त्यांची काळपट टोकं एकमेकांत पीळ घालून गुंफायला लागलेली. बोरीच्या झुडपात सातभाईंचा कलकलाट चालला होता. तो रोजचाच असतो, पण त्यात एक वेगळा, चिरका, न थांबणारा आवाज होता. जवळ जाऊन बसलो. आतल्या फांदीवर एक पिल्लू पंख थरथरवत ओरडत होतं. वरून काळपट तपकिरी, पोटाकडे मळकं पिवळसर, डोक्यावर नुकताच फुटलेला छोटा तुरा. सातभाई सगळे मातकट राखी. एक सातभाई चोचीत हिरवा नाकतोडा घेऊन आला. नाकतोड्याचे मागचे पाय अजून झटकत होते. त्यानं तो पिल्लाच्या तोंडात पार आत कोंबला आणि लगेच उडाला. त्याच्या मागे दुसरा आला, मग तिसरा. पिल्लाचं ओरडणं काही थांबेना.

भाचा म्हणाला, "आत्या, यांचं पिल्लू यांच्यासारखं का नाही?"

कारण ते चातकाचं. पावसाबरोबर आफ्रिकेकडून येणारा चातक आपली अंडी सातभाईच्या घरट्यात टाकतो, आणि सगळा कळप मिळून ते परकं पोर वाढवतो. त्याला खाऊ घालणारे सातभाई जन्मभर याच बोरी-बाभळींत राहतील. पिल्लू मात्र पाऊस सरला की समुद्र ओलांडून जाईल. चातक म्हटलं की सगळ्यांना कवितेतला, चोच वर करून ढगाकडे बघणारा आठवतो. बोरीत बसून सातभाईच्या हातचं खाणारा चातक ज्यांनी पाहिलाय, असे लोक मला शहरात फार कमी भेटले. तो बघायची वेळ ऑगस्ट-सप्टेंबर हीच. ताडोबा उघडेपर्यंत हा खेळ आटोपलेला असतो.

त्याच वाटेवर पुढे विजेच्या तारेवर तास पक्षी बसला होता. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तो, नीलपंख. पण दुर्बिणीतून बघितलं तर हा आपला नव्हता. आपल्या तासाची छाती तपकिरी-जांभळट असते. याचं डोकं, छाती, पोट सगळं फिकट निळं आणि पाठ विटकरी. उडाला तेव्हा पंखांच्या कडा काळ्या दिसल्या. आपल्याकडच्याला पंखात गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे असतात. हा युरोपियन नीलपंख. युरोप आणि मध्य आशियात वीण उरकून आफ्रिकेला निघालेला, वाटेत आपल्याकडे थोडा थांबतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा सुरुवातीचा भाग गेला की शोधून सापडत नाही. त्यानं तारेवरून खाली झेप टाकली, नाकतोडा उचलला, परत तारेवर.

इथे सगळं त्या नाकतोड्यापाशी येऊन थांबतं. पावसाच्या तीन महिन्यांत गवत वाढतं, गवतावर नाकतोडे वाढतात आणि भाद्रपदात ते पाऊल टाकावं तिथून उडतात. सातभाई, कापशी घार, तास, खोकड, सगळे त्यांच्यावर जगतात. ऑक्टोबर लागला की मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात तेही यांच्याच आणि चंडोलांच्या जिवावर. गवत गेलं तर नाकतोडे गेले, आणि मग यातलं कुणीही इकडे फिरकत नाही.

आम्ही परत फिरलो तेव्हा ओढ्याच्या अलीकडे आमच्या ओळखीचे एक आबा मेंढरं घेऊन उभे होते. पावसाळ्यात धनगरांचे वाडे आमच्याकडे माळावर असतात, दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतात. आबांनी काही न बोलता काठी लांब केली. बांधाच्या पलीकडे गवतात लांडगा बसला होता. कान आणि कपाळ तेवढं वर. वाळायला लागलेल्या गवताचाच रंग. काठी नसती तर मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेले असते. भाच्याला दाखवायला दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली, तर त्याचे हात इतके कापत होते की त्याला काही दिसेना. मग नुसत्या डोळ्यांनी बघितला. लांडगा उठला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि घाई न करता चालत गेला. आबांच्या कुत्र्यांना वास लागला तोवर तो टेकाडाआड गेलेला होता.

मी आबांना विचारलं, त्रास देतो का? ते म्हणाले, "वर्साला येखादं कोकरू नेतोय. नेऊ दे, त्याचाबी माळच हाय. पण आता चरायचं कुठं, ते सांग पोरी."

आणि त्यांनी काठी दुसऱ्या बाजूला फिरवली.

तिकडे ओढ्याच्या पलीकडचा उतार जेसीबीनं उभा-आडवा चिरलेला होता. ओळीनं चर, चरांच्या कडेला उलटी पडलेली गवताची मुळं, त्यात गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) रोपं, कडेला तारेचं कुंपण आणि 'चराई बंदी'ची पाटी. लहानपणी आम्ही त्या उतारावर धाविक या जमिनीवर पळणाऱ्या पक्ष्याची पिल्लं पळताना बघायचो. हे काम वृक्षप्रेमी लोकांच्या एका गटानं केलं, आणि त्या गटात पुढे माझे दाजी आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त, स्वभावानं सोन्यासारखे, पैशाकडे न बघता दरवर्षी आषाढात रोपं आणतात. त्यांच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही. पण जे केलं ते चूक केलं.

गौरीच्या जेवणालाच आमचा वाद झाला होता. दाजी म्हणाले, "ओसाड जमिनीवर झाडं आली, यात वाईट काय?" आई मध्ये पडली, जावयाशी वाद घालायचा नाही म्हणाली, आणि मी गप्प बसले. इथे गप्प बसायचं कारण नाही.

ती जमीन ओसाड नव्हतीच. आमच्या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वर वीतभर मुरूम आणि खाली काळा कातळ. अशा जमिनीवर हजारो वर्षांत जे उगवून टिकलं ते गवत: कुसळी, पवन्या, मारवेल. त्याची मुळं माती धरून ठेवतात, कार्बन जमिनीखाली साठवतात आणि टँकर मागत नाहीत. तिथे रोप लावलं की मार्चपासून टँकर आणावा लागतो. जगली तर गिरिपुष्प आणि सुबाभूळ जगते, बाकीच्या काड्या होतात. आणि जगलेल्या झाडानं नुकसानच होतं. धाविक, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांचं सगळं संरक्षण म्हणजे शत्रू लांबून दिसणं. जवळ झाड आलं की त्यावर कावळे बसतात, त्यांना वरून अंडी टिपता येतात. चिंकाऱ्याचंही तेच, नजर आणि पळ यांवरच तो जगतो. चर मारलेल्या रानात तो पळणार कसा? भोवत्या एवढा मोठा शिकारी पक्षी, पण रात्री झाडावर झोपत नाही, उंच गवतात जमिनीवर उतरतो. दाजींच्या उतारावर त्यानं कुठे उतरायचं? माळढोकाचं काय झालं ते सोलापूरच्या नान्नजला जाऊन विचारा. त्याच्या नावाचं अभयारण्य 1979 पासून आहे, आणि आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते.

माझं स्पष्ट मत: जुलैमध्ये माळावर जाऊन रोप लावून फोटो काढण्यापेक्षा त्या दिवशी घरी बसलेलं बरं. तुमच्या सोसायटीत, मुलांच्या शाळेत अशी सहल निघत असेल तर तिला नाही म्हणा. त्याऐवजी मुलांना सप्टेंबरमध्ये माळ दाखवा. बघितलेल्या गोष्टीवर कुणी जेसीबी घालू देत नाही.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. मुलं लहान असतील तर लांडग्याच्या मागे लागू नका, हाती काही लागणार नाही आणि ती कंटाळतील. रस्त्याकडेची रुईची झुडपं बघा. त्यावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडा असतो, विषारी चीक असलेली रुईची पानं खातो, आणि जागचा फारसा हलत नाही. मुलांना तोंड जवळ नेऊन बघता येतो, हात मात्र लावायचा नाही. मग एखादी जुनी, बाभळी झुकलेली विहीर गाठा. सुगरणीची घरटी सप्टेंबरमध्येही विणणं चालू असतात. नर अर्धं घरटं विणून त्यावर लटकून पंख फडफडवतो, मादी आत जाऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं विणकाम होतं. विहिरीला कठडा नसतो, पोरांचा हात सोडू नका.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाणार असाल तर संध्याकाळ निवडा, भोवत्या गवतावरून अगदी खालून फिरत येतात. त्याच सुमाराला तारांवर आणि खांबांवर खरुची, म्हणजे छोटा ससाणा, दिसायला लागते. वनखात्यानं इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. गावातलाच वाटाड्या बरोबर मिळतो. तुम्हाला माळाची सवय नाही, तेव्हा पहिल्यांदा तिकडेच जा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बूट घोट्याच्या वरचे घाला. गवतात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात, आणि मोज्यात शिरलेली कुसळं दिवसभर टोचतात. या दिवसांत ऊस उंच झालेला असतो आणि आता आमच्याकडेही उसात बिबट्या असतो. त्यामुळे भोवत्या बघून झाले की अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला या, मुलांना उसाच्या कडेनं पुढे पळू देऊ नका. गाडी वाटेवरून खाली उतरवू नका, गवतात अजून काहींची पिल्लं असतात. लांडगा दिसलाच तर जागेचं नाव कुठे टाकू नका. आणि माझा सगळ्या झाडांना विरोध आहे असंही समजू नका. बोर आणि बाभूळ नसती तर तो चातक मला दिसलाच नसता. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, रस्त्याच्या कडेला हवी तेवढी लावा.

हे उत्तर माझी बहीण दाजींना दाखवणार, म्हणून हे त्यांच्यासाठी. दाजी, ओढ्याच्या दोन्ही काठांना पार पुलापर्यंत जागा मोकळी आहे. पुढच्या आषाढात खड्डे तिथे काढा. रोपं बाभळीची, बोरीची, करंजाची आणा. उन्हाळ्यातलं पाणी माझ्याकडे लागलं. पण ओढ्याच्या वरचा जो माळ अजून शिल्लक आहे, तिथे या वर्षी मशीन नेऊ नका. दिवाळीला तुम्ही येताच, तेव्हा संध्याकाळी माझ्याबरोबर तिथे चला, आबांनाही बोलावते, आणि मग आपण परत वाद घालू.